काचेमागचं अक्षर : भोर-वेल्ह्यातून दिसणारी वेबसाइटची फॅशन

आजचा विषय आहे सध्याच्या वेबसाइट कशा दिसतात आणि सगळ्या सारख्याच का दिसतात. हा विषय भोरमध्ये कशाला, असं संयोजकांनीही आम्हाला विचारलं होतं. आम्ही दोघं गेली काही वर्षं भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या लोकांसाठी वेबसाइट बनवतो, म्हणून इथे. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं ठरलंय, पण गावात अजून वेल्हेच म्हणतात, तेव्हा आज आम्हीही तेच म्हणू. आमची गिऱ्हाइकं म्हणजे कृषी पर्यटन केंद्रं, धरणाकाठचे तंबूवाले, गडाच्या पायथ्याला घरगुती जेवण देणारी घरं, आंबेमोहर आणि इंद्रायणी विकणारे शेतकरी. मोठी कामं नाहीत. पण फॅशन मोठ्या कामांपुरती थांबत नाही, ती आमच्यापर्यंतही येते. आणि ती इथे आल्यावर तिचं काय होतं, ते आम्ही जवळून पाहिलंय.

टीका करायची तर सुरुवात स्वतःपासून करावी. म्हणून आधी आमचीच एक साइट सांगतो.

भाटघर धरणाच्या पाण्याकाठी एका काकांचं कृषी पर्यटन आहे. चार खोल्या, एक पडवी, चुलीवरचं जेवण. त्यांची साइट आम्ही बनवली तेव्हा आमच्या अंगात उत्साह फार. उघडल्या उघडल्या पूर्ण स्क्रीनभर ड्रोनचा व्हिडिओ, हिरव्या डोंगरावरून तरंगत पाण्यावर येणारा. त्यावर मधोमध धुरकट काचेसारखं एक कार्ड. काचेवर पांढऱ्या, बारीक, नाजूक अक्षरांत मजकूर, आणि त्याच मजकुरात येण्याचा रस्ता. फोन नंबर वर कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या आत, तिथे ‘संपर्क’, आणि त्याच्याही आत एक फॉर्म. आम्हाला वाटलं, काय झकास काम झालंय. चार मित्रांना लिंक पाठवली, चौघांनी अंगठे दाखवले.

मग एका रविवारी पुण्याहून एक कुटुंब निघालं. सातारा रस्त्यानं कापूरहोळला आलं. तुम्हाला माहीतच आहे, कापूरहोळ फाट्यावर उजवीकडे भोर आणि डावीकडे नारायणपूर. गाडीत मागे बसलेल्या मुलीनं मोबाइलवर आमची साइट उघडली. दुपारचं ऊन. व्हिडिओ नेमका चकाकत्या पाण्यावर आलेला, आणि त्यावर आमची पांढरी अक्षरं. ‘कापूरहोळ फाट्याला’ एवढंच तिला दिसलं, पुढचं पाण्यात विरघळलं. मंडळी डावीकडे वळली आणि केतकावळ्याच्या बालाजीला पोहोचली. (हशा) दर्शन झालं, हे चांगलंच. पण नंबर सापडेना, त्यामुळे जेवायला दोन तास उशीर, आणि काकूंच्या भाकरी गार. संध्याकाळी काकांचा आम्हाला फोन आला. ओरडले नाहीत. म्हणाले, “पोरांनो, साइट दिसायला एक नंबर आहे. फक्त वाचायची कशी, तेवढं सांगा.”

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जे कळलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ही काच कुठून आली, ते थोडक्यात पाहू. २००७ नंतरची काही वर्षं मोबाइलच्या पडद्यावर खऱ्या वस्तूंची नक्कल चालायची. पुस्तकांना लाकडी फळी, कॅलेंडरला चामड्याची शिवण. २०१३ मध्ये ॲपलनं आयओएस ७ आणलं आणि ते सगळं पुसून पडदा सपाट केला. २०१४ मध्ये गूगलनं मटेरियल डिझाइन आणलं, म्हणजे सपाट रंगांचे कागद एकमेकांवर ठेवल्यासारखी रचना. २०१९ च्या सुमारास काळ्या पार्श्वभूमीची लाट आली. २०२० च्या आसपास धुरकट काचेची आली. आणि जून २०२५ मध्ये ॲपलनं ‘लिक्विड ग्लास’ जाहीर केलं, तेव्हा काचेवर राजमुद्रा उमटली. गंमत अशी की ही काच नवी नाहीच. २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये खिडक्यांच्या कडा अशाच काचेच्या होत्या, आणि पुढे मायक्रोसॉफ्टनंच त्या काढून टाकल्या. ॲपललाही पहिल्या काही महिन्यांतच सेटिंगमध्ये काच जास्त गडद करायची सोय द्यावी लागली, कारण अक्षरं वाचता येत नाहीत ही तक्रार जगभरातून झाली. म्हणजे काकांचा प्रश्न एकट्या भाटघरचा नव्हता.

काचेशिवाय अजून दोन गोष्टी सध्या सगळीकडे दिसतात. एक, ‘बेंटो’. जपानी डब्यासारखे लहानमोठे गोल कोपऱ्यांचे चौकोन. आपल्याकडचं कप्प्यांचं स्टीलचं ताट डोळ्यांसमोर आणा. दुसरी, जांभळा रंग. एआयला सांगून बनवलेली साइट असेल तर तिचं बटण जांभळं निघण्याची शक्यता फार. टेलविंड नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या कर्त्यानं, ॲडम वॅथननं, २०२५ मध्ये गमतीनं जाहीर माफीच मागितली होती. पाच वर्षांपूर्वी त्यांनी नमुन्यातली बटणं जांभळट निळी ठेवली, त्या नमुन्यांवरून असंख्य साइट झाल्या, त्या साइटवरून एआय शिकलं, आणि आता ते सगळ्यांना जांभळंच वाढतं. परवा आम्ही इंद्रायणी तांदूळ विकणारी एक साइट पाहिली. पूर्ण जांभळी. भाताचं खाचर आषाढात वेगळं दिसतं, कार्तिकात वेगळं दिसतं, पण जांभळं आम्ही कधी पाहिलं नाही. (हशा) त्या शेतकऱ्यानं तो रंग निवडलेला नव्हता. कुणीच निवडलेला नव्हता, आणि आमची तक्रार तेवढीच आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या सगळ्या शैली घडल्या रोमन अक्षरावर, मोठ्या पडद्यावर आणि वेगवान नेटवर. तिथे त्या शोभतातही. पण त्या जशाच्या तशा देवनागरीवर चढवल्या की सगळ्यात आधी अक्षर मोडतं. कसं मोडतं, ते एकेक करून सांगतो. इथल्या विद्यार्थ्यांनी हे लिहून घेतलं तरी चालेल.

पहिली गोष्ट शिरोरेषेची. सध्या शीर्षकातली अक्षरं लांब लांब ठेवायची पद्धत आहे. इंग्रजी कॅपिटलमध्ये ते रुबाबदार दिसतं. तीच आज्ञा ‘तोरणा’ला दिली की शिरोरेषा तुटते. मग शब्द उरत नाही, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी सुटी अक्षरं उरतात. याच्या उलट, अक्षरं घट्ट आवळायचीही फॅशन आहे; त्यात काने आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरात घुसतात. दोन्हीकडे उपाय एकच: देवनागरीला ही आज्ञा द्यायचीच नाही.

दुसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची. इंग्रजी मोठ्या शीर्षकात दोन ओळी जवळजवळ चिकटवतात. तिथे अक्षराच्या वर फारसं काही नसतं. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार; खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. भोर तालुक्यातल्या ‘हिर्डोशी’ या नावातच बघा किती मंडळी डोक्यावर बसलीत. ओळी आवळल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो.

तिसरी गोष्ट रंगीत अक्षरांची. अक्षराच्या आत एका रंगातून दुसऱ्या रंगात जाणारी छटा भरायची, ही आजची आवडती युक्ती. ती करताना रंग ओळीच्या चौकटीपुरताच भरला जातो. चौकटीबाहेर जे डोकावतं, त्याला रंगच मिळत नाही, म्हणजे ते दिसतच नाही. आमच्या एका पानावर ‘हिर्डोशी’चा रफार असाच गेला आणि गाव ‘हिडोशी’ झालं. तिथल्या एका शिक्षकांनी फोन करून सांगितलं, तोवर आमच्या लक्षातही आलं नव्हतं. आमच्या पडद्यावर रंग फार सुरेख दिसत होते ना!

चौथी गोष्ट हलत्या अक्षरांची. साइट उघडली की शीर्षकाचं एकेक अक्षर उडत येऊन जागेवर बसतं. त्यासाठी प्रोग्रॅम शब्दाचे तुकडे करतो, आणि इंग्रजीच्या हिशेबानं करतो. ‘भोर’ दोन अक्षरांचा आहे हे तुम्हाला-आम्हाला कळतं. त्या प्रोग्रॅमला ते तीन तुकडे दिसतात: भ, मग सुटा ओकार, मग र. सुटा ओकार एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकत हवेतून येतो. ‘वेल्हे’चं काय होतं ते सांगवत नाही. देवनागरीचे तुकडे नीट करणारी सोय आता ब्राउझरमध्येच आहे, पण ती वापरायला हवी हे आधी सुचावं लागतं.

पाचवी गोष्ट आपल्या मराठीपणाची. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनानं वर्णमालेबद्दल निर्णय काढून तीच वळणं प्रमाण मानली. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात. पानाची भाषा मराठी आहे असं पानाच्या पोटात एका खुणेनं सांगितलं की मराठी रूप येतं. तयार टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजीची खूण असते आणि ती कुणी बदलत नाही. शिवाय आपला अर्धा ऱ. ट्रेकच्या कितीतरी साइटवर ‘डोंगरदर्या’ लिहिलेलं सापडेल. दऱ्या म्हणजे खोरी, दर्या म्हणजे समुद्र. म्हणजे राजगडाच्या पायथ्याशी त्यांनी समुद्र आणून ठेवला. (हशा)

आता कुणी म्हणेल, म्हणजे देवनागरीला नवं काही झेपत नाही का? तसं अजिबात नाही. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ घडवला, तेव्हा कमी ठिपक्यांच्या पडद्यावर देवनागरी वाचता येईल की नाही हाच प्रश्न होता. त्यानंतर मुंबईच्या ‘एक टाइप’नं ‘मुक्त’ आणि ‘बलू’ असे फॉन्ट केले, तेही सगळ्यांना मोफत वापरता येतील असे. बारीक ते ठसठशीत अशी वजनं आज आपल्याकडे आहेत. साहित्य आहे. पण टेम्प्लेट आधी निवडलं जातं, मराठी मजकूर नंतर त्यात कोंबला जातो, आणि हा क्रम चुकीचा आहे.

दुसरी मोडतोड नेटची. आजचं सरासरी वेबपान २ एमबीहून जास्त भरतं. आमच्या काकांच्या साइटवरचा व्हिडिओ एकटाच २८ एमबी होता. पुण्यात ते जाणवत नाही. वरंधा घाटाकडे किंवा वेल्ह्यात केळदच्या बाजूला जा आणि तीच साइट उघडून बघा. गोल चक्र फिरत राहतं. पाहुणा वाट चुकतो तेव्हा तो नेमका अशाच जागी असतो, हे बनवताना आमच्या मनात आलं नव्हतं.

आता थोडं या गावाकडे पाहू. आम्ही डिझाइन शिकलेली माणसं फ्लेक्सला हसतो. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स: भगवा, पिवळा, लाल, पंधरा फोटो, आणि प्रत्येक अक्षराला जाड पांढरी किनार. सौंदर्य बाजूला ठेवा. पण चालत्या एसटीतून ते नाव वाचता येतं की नाही? येतं. ज्यानं तो बनवला त्याला ठाऊक आहे की वाचणारा लांब आहे, घाईत आहे आणि उन्हात आहे. वेबच्या जगात यालाच मोठं नाव आहे: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर. आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिकेनुसार साध्या मजकुराला ते किमान ४.५ : १ हवं. काकांच्या साइटवर व्हिडिओ पाण्यावर यायचा तेव्हा आमचं गुणोत्तर दोनच्याही खाली जायचं. चौकातला फ्लेक्सवाला ही परीक्षा पास झाला असता आणि आम्ही नापास झालो असतो.

मग फ्लेक्ससारख्या साइट करायच्या का? तेही नको. भगव्या छटा, तलवारीसारखी टोकदार अक्षरं, मागे एआयनं काढलेला, खऱ्या राजगडाशी काही संबंध नसलेला गड, ही गडकोटांच्या साइटची सध्याची दुसरी फॅशन आहे, आणि तीही तितकीच उसनी. २०२५ मध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीतल्या बारा किल्ल्यांमध्ये गेला. आता जगभरातून माणूस बघायला येईल तेव्हा सुवेळा माची, संजीवनी माची आणि बालेकिल्ला त्याला जसे आहेत तसेच दिसले पाहिजेत. खोटा बुरूज दाखवून आपण गडाचा मान वाढवत नाही.

उसनं घेण्यालाच आमचा विरोध आहे असं कृपया समजू नका. भोरचा राजवाडाच बघा. युरोपीय पद्धतीचे खांब, कमानी, त्या काळची आयात फॅशन. पण आत शिरलात की मराठी वाड्याचा चौक जागेवर आहे. उजेड, वारा आणि इथला पाऊस यांची व्यवस्था चौकानं केली, रुबाबाची व्यवस्था कमानीनं. बांधणाऱ्यानं कमान घेतली, पण कमानीसाठी चौक बुजवला नाही. वेबसाइटमध्ये आमचा चौक म्हणजे मजकूर, आणि आम्ही तोच बुजवला होता.

नव्या शैलीत घेण्यासारखं आहेही. सपाट डिझाइननं पानं हलकी केली. काळी पार्श्वभूमी रात्री तंबूत बसलेल्या माणसाला बरी वाटते. बेंटोचे कप्पे तर दरपत्रकाला फार छान बसतात: एका कप्प्यात जेवण, एकात मुक्काम, एकात रस्ता. जिल्ह्यांच्या सरकारी साइट एकाच साच्यातून निघतात म्हणून आपण नावं ठेवतो. पण त्यांत मराठीची निवड समोर असते आणि अक्षर लहानमोठं करायची सोय असते. आमच्या काचेच्या साइटवर यातलं काहीच नव्हतं.

शेवटी त्या काकांच्या साइटचं काय झालं ते सांगतो. आम्ही ती पुन्हा केली, पैसे न घेता. वर नाव, ठसठशीत. त्याखाली एक स्थिर फोटो, पडवीचा, कारण पाहुणे येऊन बसतात ते पडवीत. मग गडद अक्षरांत रस्ता: ‘कापूरहोळ फाट्याला उजवीकडे’, आणि ‘उजवीकडे’ जाड. नंबर पहिल्याच पडद्यावर, बोट लावलं की फोन लागतो. पान आता अर्ध्या एमबीच्या आत आहे. काकांच्या आईंनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं आणि एका ठिकाणी अडकल्या: आम्ही ‘चेक-इन’ लिहिलं होतं. ते ‘खोली कधी मिळेल’ असं केलं.

आता खरं सांगायचं तर सगळे खूश नाहीत. काकांचा पुतण्या म्हणतो, जुनी साइट भारी होती, ही सरकारी वाटते. पुण्यातले काही पाहुणेही म्हणाले, शेजारच्या तंबूवाल्यांची साइट जास्त ‘प्रीमियम’ दिसते. ही तक्रार आम्ही झटकून टाकत नाही. गावाकडच्या माणसालाही आपलं काम झगमगीत दिसावं असं वाटतं, आणि तो हक्क फक्त शहराचा नाही. ठसठशीत, मराठी, हलकं आणि तरीही दिमाखदार असं रूप आम्हाला अजून पूर्ण जमलेलं नाही. ते टेम्प्लेटच्या दुकानात मिळत नाही, करूनच बघावं लागेल. त्यासाठी या सभागृहातले विद्यार्थी आमच्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहेत, कारण तुमच्या घरात ती साइट वाचून दाखवायला आजी आहे.

प्रश्नोत्तरांत आत्ता एक चिठ्ठी आली आहे: ‘गिऱ्हाइकच ड्रोन आणि काच मागतं, तेव्हा काय करायचं?’ चांगला प्रश्न. आम्ही आता वाद घालत नाही. गिऱ्हाइकाला घेऊन दुपारी बारा वाजता एसटी स्टँडवर जातो, स्वस्तातला फोन हातात देतो, उजेड निम्मा करतो आणि म्हणतो, यावरून तुमच्याच घरी यायचा रस्ता मला वाचून दाखवा. रस्ता वाचता आला तर ड्रोन ठेवू, काचही ठेवू. नाही वाचता आला तर त्यांनाच ठरवू देतो. आतापर्यंत तिघांना नेलं. दोघांनी ड्रोन काढायला सांगितला. तिसऱ्यांनी ठेवला, पण नंबर वर घेतला.